सोआवे : व्हेरोनाच्या टेकड्यांवरची व्हाईट वाईन

इटलीच्या वाईनचा विषय निघाला की बहुधा लाल रंगच डोळ्यांपुढे येतो. तोस्कानाची कियान्ती किंवा पिएमोन्तेची बारोलो ही नावे रसिकांच्या ओठांवर असतात. व्हाईट वाईनचा प्रश्न आला की मात्र नजर फ्रान्सकडे वळते. वास्तविक इटलीत व्हाईट वाईनची परंपरा तितकीच जुनी आहे आणि त्या परंपरेत सोआवेचे स्थान मानाचे आहे. १९७० च्या दशकात ही वाईन अमेरिकेच्या बाजारपेठेत कियान्तीलाही मागे टाकून पुढे गेली होती. पुढे त्या अफाट खपानेच तिची पत घालवली. नाव सर्वतोमुखी झाले आणि चव पातळ झाली. गेल्या काही दशकांत तेथील मोजक्या द्राक्षबागाईतदारांनी ही गेलेली पत चिकाटीने परत मिळवली. सोआवेची चव समजून घेताना तिच्या भूमीची, द्राक्षाची आणि या चढउताराची ओळख करून घ्यावी लागते.

गाव आणि त्याचे नाव

रोमिओ-ज्युलिएटच्या कथेमुळे जगाला ठाऊक असलेले व्हेरोना शहर ईशान्य इटलीतील व्हेनेतो प्रांतात आहे. तेथून पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवर सोआवे हे छोटे गाव लागते. उत्तरेला लेस्सिनी पर्वताच्या उतरत्या सोंडा, दक्षिणेला आदिजे नदीचे सपाट खोरे आणि या दोहोंच्या सीमेवर टेकडीच्या पायथ्याशी वसलेले हे तटबंदीचे गाव. गावाच्या डोक्यावर मध्ययुगीन किल्ला आहे. व्हेरोनावर सत्ता गाजवणाऱ्या देल्ला स्काला घराण्याने चौदाव्या शतकात हा किल्ला बळकट केला आणि गावाभोवती तट उभारला. किल्ल्यापासून खाली उतरत गावाला कवेत घेणाऱ्या त्या भिंती आजही शाबूत आहेत. तटाला लागूनच द्राक्षांचे मळे सुरू होतात.

इटालियन भाषेत 'सोआवे' या शब्दाचा अर्थ मृदू, मधुर, सौम्य असा आहे. वाईनच्या स्वभावाला तो इतका शोभतो की नाव त्यावरूनच पडले असावे असे वाटते. अभ्यासक मात्र या नावाचा संबंध सुएव्ही या जर्मानिक टोळीशी जोडतात. रोमन साम्राज्याच्या पडझडीनंतर लोम्बार्ड लोकांबरोबर या टोळीचे लोक येथे येऊन स्थिरावले, असे मानले जाते.

१४०५ मध्ये व्हेरोनासह हा सारा मुलूख व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात गेला आणि ती सत्ता अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. त्यामुळे सोआवेच्या ताटातील पदार्थांवर व्हेनिसच्या समुद्राची छाप पडली. येथील वाईन मासळीशी इतकी सहज जुळते, त्याला हाही इतिहास कारणीभूत आहे.

काळा खडक, पांढरा खडक

सोआवेच्या मूळ क्षेत्राला 'क्लासिको' म्हणतात. सोआवे आणि शेजारचे मोन्तेफोर्ते द'आल्पोने या दोन गावांच्या हद्दीतील टेकड्यांचा हा पट्टा आहे. त्याच्या सीमा १९२७ मध्येच आखण्यात आल्या. १९३१ मध्ये सरकारने ज्या वाईनना खास दर्जाच्या म्हणून प्रथम मान्यता दिली, त्यांत कियान्तीबरोबर सोआवेचे नाव होते.

या टेकड्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या खडकात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. समुद्राच्या तळाशी चुनखडीचे थर साचत होते आणि त्याच तळातून ज्वालामुखीचे उद्रेकही होत होते. पुढे जमीन वर उचलली गेली आणि दोन्ही प्रकारचे खडक एकमेकांशेजारी उघडे पडले. त्यामुळे क्लासिको क्षेत्राच्या बऱ्याच भागात काळाकभिन्न बसाल्ट आढळतो, तर पश्चिमेकडे, सोआवे गावाच्या बाजूला, फिकट चुनखडी दिसते. सह्याद्रीच्या पाषाणावर वाढलेल्या मराठी वाचकाला बसाल्टची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

दोन प्रकारच्या जमिनींतून येणाऱ्या वाईनमध्ये फरक जाणवतो, असे जाणकार सांगतात. बसाल्टवरची वाईन काहीशी करकरीत आणि खनिजाचा, कधी गारगोटी घासल्यावर येणाऱ्या वासाचा भास देणारी असते. चुनखडीवरची वाईन अधिक भरीव आणि पिकल्या फळाकडे झुकणारी असते. हा भेद दरवेळी इतका स्पष्ट नसतो, कारण उतार, उंची आणि वेलीचे वय यांचाही प्रभाव पडतो. परंतु एकाच गावातील दोन बाटल्यांची चव वेगळी का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पायाखालच्या खडकात सापडते.

गार्गानेगा

सोआवेचा प्राण म्हणजे गार्गानेगा हे द्राक्ष. नियमानुसार सोआवेमध्ये या द्राक्षाचे प्रमाण किमान ७० टक्के असावे लागते. उरलेल्या भागात त्रेब्बियानो दी सोआवे किंवा शार्दने वापरता येते. अनेक चांगले उत्पादक मात्र केवळ गार्गानेगाचीच वाईन करतात.

गार्गानेगा हे उशिरा पिकणारे द्राक्ष आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत त्याची तोडणी चालते. घड लांब आणि सैलसर, मण्याची साल जाड. पिकत आल्यावर उन्हाच्या बाजूला सालीवर सोनेरी, थोडी तांबूस झाक चढते. सैल घड आणि जाड साल यांमुळे शरद ऋतूतील दमट हवेत ते सहसा लवकर सडत नाही. तोडणीनंतर महिनोन्‌महिने वाळवत ठेवण्यासही ते याच कारणाने योग्य ठरते. विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या संधिकाळानंतर झालेल्या जनुकीय चाचण्यांतून असे दिसले की, सिसिली बेटावर 'ग्रेकानिको दोरातो' या नावाने लावले जाणारे द्राक्ष म्हणजे गार्गानेगाच होय. इटलीच्या दोन टोकांना एकच द्राक्ष वेगवेगळ्या नावांनी शतकानुशतके नांदत आले, असा याचा अर्थ.

त्रेब्बियानो दी सोआवेची कथाही अशीच रंजक आहे. 'त्रेब्बियानो' हे नाव इटलीत अनेक जातींना सरसकट दिले गेले. सोआवेचा त्रेब्बियानो प्रत्यक्षात मार्के प्रांतातील नामांकित व्हेर्दिक्कियो द्राक्षाचाच अवतार आहे. तो वाईनला आंबटपणाचा कणा आणि थोडा सुगंध देतो. तोस्कानाचा त्रेब्बियानो मात्र वेगळा. तो भरपूर पिकतो, पण चवीला बेताचा असतो. खपाच्या काळात या दुसऱ्या त्रेब्बियानोने सोआवेत शिरकाव केला आणि वाईन बेचव करण्यात मोठा हातभार लावला.

मांडवाखालची शेती

सोआवेतील जुन्या बागा 'पेर्गोला' पद्धतीच्या आहेत. लाकडी खांबांवर तिरपे वासे टाकून त्यांवर वेल चढवायचे, पानांचे छत वर आणि घड खाली लोंबते. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांतील मांडव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. फरक एवढाच की व्हेरोनाकडील मांडव बहुधा एका किंवा दोन्ही बाजूंनी तिरपा, छपरासारखा असतो.

ही पद्धत केवळ सवयीने टिकलेली नाही. गार्गानेगाच्या काडीवर बुडाकडील डोळ्यांना घड फारसे धरत नाहीत, ते पुढच्या डोळ्यांना धरतात. त्यामुळे छाटणी करताना काडी लांब ठेवावी लागते आणि लांब काडीला पसरायला मांडव सोयीचा पडतो. मधल्या काळात पेर्गोला ही मागासलेली पद्धत मानली गेली. मांडवावर वेल भरमसाट पीक देतो आणि भरमसाट पीक म्हणजे पाणचट वाईन, असा तो आक्षेप होता. अनेकांनी मांडव मोडून तारांवरच्या सरळ ओळी उभारल्या. आक्षेपात तथ्य होते, पण दोष मांडवाचा कमी आणि हाव धरून वेलीवर घड राखणाऱ्याचा अधिक होता. अलीकडील तीव्र उन्हाळ्यांत याच मांडवाचे मोल पुन्हा कळू लागले आहे. पानांच्या सावलीत घड करपत नाहीत आणि रसातील आंबटपणा टिकून राहतो.

या टेकड्यांवर जमीन छोट्या छोट्या तुकड्यांत विभागलेली आहे. सुमारे तीन हजार कुटुंबे येथे द्राक्षे पिकवतात. उतारावर दगड रचून बांधलेल्या ताली, त्यांवरचे मांडव आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कुटुंबाची शेती या साऱ्याची दखल घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये सोआवेच्या पारंपरिक द्राक्षमळ्यांना जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

चव कशी असते?

ताज्या सोआवेचा रंग फिकट गवती पिवळा, किंचित हिरवट झाक असलेला असतो. पेला नाकाशी नेताच सुगंधाचा लोट येईल अशी अपेक्षा ठेवू नये. गार्गानेगा हे मितभाषी द्राक्ष आहे. थोडे थांबल्यावर बाभळीच्या जातीच्या पांढऱ्या फुलांचा मंद गंध, हिरवे सफरचंद, नाशपाती, लिंबाची साल आणि कधी पांढऱ्या पीचचा वास जाणवतो. जिभेवर ती कोरडी म्हणजे साखर न उरलेली, हलकी ते मध्यम अंगाची आणि संयत आंबट असते. घोट गिळल्यानंतर शेवटी किंचित कडसर, कडू बदामासारखी चव मागे राहते. ही बदामी कडसर छटा सोआवेची खूण समजली जाते. ज्याला ती ओळखता आली, त्याला सोआवे ओळखता आली असे म्हणायला हरकत नाही.

साधी सोआवे पोलादी टाक्यांत, कमी तापमानाला आंबवली जाते आणि पुढच्या वसंतात बाजारात येते. ती एक-दोन वर्षांत प्यावी. टेकड्यांवरील जुन्या वेलींच्या द्राक्षांपासून केलेली वाईन वेगळी. काही उत्पादक ती सिमेंटच्या टाक्यांत, तर काही मोठ्या लाकडी पिंपांत ठेवतात. अशी सोआवे पाच-सात वर्षे, चांगल्या मोसमातील असल्यास दहा वर्षांहूनही अधिक काळ टिकते. वयाबरोबर तिचा रंग सोनेरी होतो, फुलांचा वास मागे पडतो आणि मध, कॅमोमाईल, भाजका बदाम व गारगोटी यांची आठवण करून देणारे गंध पुढे येतात. स्वस्त बाटलीवरून सोआवेविषयी मत बनवणाऱ्यांना ही बाजू सहसा ठाऊक नसते.

पिण्याचे तापमानही महत्त्वाचे आहे. साधी, ताजी सोआवे ८ ते १० अंश सेल्सिअसला द्यावी. वरच्या दर्जाची किंवा मुरलेली वाईन १० ते १२ अंशांना द्यावी. बर्फासारखी थंड केल्यास तिचा आधीच मंद असलेला सुगंध पूर्ण दबतो आणि केवळ आंबट पाणी प्यायल्याचा भास होतो.

कीर्तीचे ओझे

१९६८ मध्ये सोआवेला 'डीओसी' म्हणजे उगमस्थानावर आधारित नियंत्रित नामाभिधानाचा दर्जा मिळाला. मानाच्या या दर्जासोबतच घसरणीचे बीजही पेरले गेले. सोआवे या नावाखाली येणारे क्षेत्र मूळ टेकड्यांपुरते न ठेवता भोवतालच्या टेकड्या आणि दक्षिणेकडील सुपीक सपाटीपर्यंत वाढवण्यात आले. महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत इटालियन उपाहारगृहांची लाट आली होती. तेथे हलकी, स्वस्त, कोणालाही न खटकणारी व्हाईट वाईन हवी होती. सोआवेचे नाव उच्चारायला सोपे होते आणि पुरवठा मुबलक होता. बोल्ला या कंपनीने अमेरिकेत जाहिरातींच्या बळावर हे नाव घरोघरी नेले. एका दशकात सोआवे ही इटलीच्या निर्यातीचा चेहरा बनली.

मागणी वाढली तसे उत्पादन वाढवणे आले. सपाटीवरच्या खोल, ओलसर जमिनीत वेल भरभरून पिकतात, पण त्या रसात टेकडीचा कस नसतो. हेक्टरी १४-१५ टन उत्पादनाची मुभा नियमांनीच दिली होती. बहुतांश द्राक्षे सहकारी वाईनऱ्यांकडे जात आणि शेतकऱ्याला मोबदला मिळे तो प्रामुख्याने वजनावर आणि साखरेवर. अशा व्यवस्थेत घड विरळ करून, कमी पण सकस पीक घेणारा शेतकरी तोट्यात जातो. सहकारी साखर कारखानदारीच्या महाराष्ट्राला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. सहकाराने छोट्या शेतकऱ्याला तारले, ही गोष्ट खरी. सोआवेची सहकारी वाईनरी १८९८ पासून चालू आहे आणि तिच्याविना अनेक कुटुंबांनी शेती सोडली असती. परंतु वजनाला दाम मिळू लागला की चवीकडे दुर्लक्ष होते, हेही तितकेच खरे.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९८० च्या दशकापासून जाणकारांच्या लेखी सोआवे म्हणजे चव नसलेली स्वस्त वाईन ठरली. बाजारातही तिची जागा हळूहळू पिनो ग्रिजोने घेतली. ज्या नावाने गावाला संपत्ती दिली होती, तेच नाव चांगली वाईन करणाऱ्याच्या गळ्यातील लोढणे बनले. टेकडीवर दुप्पट कष्ट करून अर्धे पीक घ्यावे, तरी बाटलीवर 'सोआवे' लिहिले की ग्राहक स्वस्ताचाच भाव मागणार, अशी ही कोंडी होती.

दोन माणसे, दोन वाटा

या कोंडीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा दोन उत्पादकांनी दाखवल्या. सोआवे गावातील पिएरोपान घराणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या व्यवसायात आहे. या घराण्यातील लेओनिल्दो ऊर्फ नीनो पिएरोपान यांनी १९७१ मध्ये 'काल्व्हारिनो' या एकाच मळ्याच्या द्राक्षांची वाईन स्वतंत्रपणे बाटलीबंद केली. सारे गाव खपाच्या मागे धावत असताना एका मळ्याचे नाव बाटलीवर छापणे हे धाडस होते. १९७८ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळच्या 'ला रोक्का' मळ्याची वाईन आणली. काल्व्हारिनोची जमीन ज्वालामुखीची आणि त्यात गार्गानेगाला त्रेब्बियानो दी सोआवेची जोड. ला रोक्काची जमीन चुनखडीची, वाईन केवळ गार्गानेगाची आणि लाकडात मुरलेली. सोआवेच्या दोन खडकांतील फरक समजून घ्यायचा असेल, तर या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखाव्यात असे सांगितले जाते. पिएरोपान यांचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांनी शेवटपर्यंत बाटलीवर 'सोआवे क्लासिको' हेच नाव राखले.

मोन्तेफोर्तेचे रोबेर्तो आन्सेल्मी यांनी दुसरी वाट धरली. तेही कमी पीक घेऊन उत्तम वाईन करत होते. नियमांत सुधारणा होत नाही, सपाटीवरची पाणचट वाईन आणि टेकडीवरची कसदार वाईन एकाच नावाने विकली जाते, याला कंटाळून २००० च्या सुमारास त्यांनी सोआवे हे नाव जाहीरपणे सोडले. त्यानंतर त्यांच्या बाटल्यांवर 'व्हेनेतो' हे व्यापक प्रादेशिक नाव दिसू लागले. सोआवेच्या सर्वोत्तम वाईनपैकी काही वाईनवर सोआवे हा शब्दच नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

नाव न सोडता ते धुऊन काढावे की नाव टाकून आपले काम राखावे, हा प्रश्न केवळ वाईनचा नाही. एखाद्या गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे तो कधी ना कधी उभा राहतो. नाव सर्वांचे असते, त्यामुळे ते खराब करण्याचा लाभ एकाला होतो आणि भरपाई सर्वांना करावी लागते. सोआवेच्या बाबतीत पहिल्या वाटेने जाणारे वाढत गेले. जीनी, प्रा, इनामा, सुआव्हिया यांसारख्या उत्पादकांनी टेकड्यांवरच्या जुन्या वेली जपल्या, पीक आटोक्यात ठेवले आणि आपापल्या मळ्यांची नावे पुढे आणली.

नियमांची उतरंड

आजच्या बाटलीवरील शब्द या संघर्षातून आलेले आहेत. नुसते 'सोआवे' लिहिलेली वाईन विस्तारित क्षेत्रातील कोठूनही आलेली असू शकते. 'सोआवे क्लासिको' म्हणजे मूळ टेकड्यांवरची. २००१ मध्ये 'सोआवे सुपेरिओरे' या वर्गाला 'डीओसीजी' हा सर्वोच्च दर्जा देण्यात आला. तीत हेक्टरी उत्पादनाची मर्यादा सुमारे १० टन आहे आणि मद्यार्काचे प्रमाण किमान १२ टक्के असावे लागते. कागदावर ही पायरी सर्वांत वरची. प्रत्यक्षात पिएरोपान यांच्यासारख्या अग्रगण्य उत्पादकांनी ती न स्वीकारता क्लासिको हेच नाव पुरेसे मानले. त्यामुळे सुपेरिओरे लिहिलेली वाईन चांगली आणि न लिहिलेली दुय्यम, असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही.

२०१९ मध्ये आणखी एक पाऊल पडले. ३३ टेकड्या आणि वाड्या-वस्त्यांच्या परिसरांना स्वतंत्र भौगोलिक उपविभाग म्हणून मान्यता मिळाली आणि त्यांची नावे बाटलीवर छापण्याची मुभा देण्यात आली. फोस्कारिनो, कार्बोनारे, कास्तेलचेरिनो अशी नावे आता अधिकृतपणे दिसतात. नीनो पिएरोपान यांनी १९७१ मध्ये केलेल्या प्रयोगातील विचार जवळजवळ अर्ध्या शतकाने नियमात उतरला.

गोड बहीण : रेचोतो

सोआवेच्या टेकड्यांवर कोरड्या वाईनहून कितीतरी जुनी एक गोड वाईन आहे. तिचे नाव 'रेचोतो दी सोआवे'. सहाव्या शतकात गॉथ राजा थिओडोरिकचा मंत्री कास्सिओदोरुस याने व्हेरोना परिसरातील, वाळवलेल्या द्राक्षांच्या 'आचिनातिकुम' या वाईनची आपल्या पत्रात वाखाणणी केली होती. रेचोतोची परंपरा तेथपर्यंत मागे नेली जाते. स्थानिक बोलीत 'रेचे' म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला कानासारखे फुटलेले जे दोन छोटे झुबके असतात, त्यांना ऊन अधिक मिळते आणि ते अधिक गोड होतात. त्यांवरून हे नाव आले.

तोडणीच्या वेळी निवडक घड वेगळे काढून हवेशीर माळ्यावर बोरूच्या चटयांवर पसरतात किंवा दोरीला टांगून ठेवतात. थंडीचे काही महिने ते तसेच वाळतात. पाणी उडून जाते, साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात. मग त्यांचा रस काढून तो सावकाश आंबवला जातो आणि सारी साखर संपण्यापूर्वी आंबवण थांबते. जर्दाळू, मध, बेदाणे, संत्र्याची साल आणि शेवटी पुन्हा तोच कडसर बदाम, अशी ही सोनेरी वाईन असते. गोड असूनही आंबटपणामुळे ती चिकट वाटत नाही. १९९८ मध्ये रेचोतोला डीओसीजी दर्जा मिळाला. व्हेनेतो प्रांतातील हा पहिला डीओसीजी होय. नाताळात व्हेरोनाचा 'पान्दोरो' हा लोण्याचा उंच केक आणि त्याबरोबर रेचोतो, असा तेथील घरांचा रिवाज आहे. गोर्गोन्झोला या निळ्या बुरशीच्या चीजबरोबरही तिची जोडी उत्तम जमते.

ताटातील जोडीदार

कोरडी सोआवे ही जेवणाबरोबरची वाईन आहे. तिचा गंध मंद आणि आंबटपणा संयत असल्याने ती पदार्थावर कुरघोडी करत नाही. व्हेनेतोच्या स्वयंपाकात तिचे जोडीदार सहज सापडतात.

पहिला मान भाताचा. व्हेरोनाच्या दक्षिणेकडील पाणथळ जमिनीत 'व्हिआलोने नानो' जातीचा तांदूळ पिकतो आणि त्याचा रिसोतो येथे घरोघरी होतो. कोवळे मटार घालून केलेला सैलसर 'रीझी ए बीझी' हा व्हेनिसचा प्रसिद्ध पदार्थ. २५ एप्रिलला, संत मार्क यांच्या सणाला, तो व्हेनिसच्या शासकाच्या पानात वाढला जात असे. मटाराचा कोवळा गोडवा आणि सोआवेची फुलांची छटा परस्परांना खुलवतात.

वसंतात बास्सानो गावचा पांढरा शतावर उकडून अंड्याबरोबर खाल्ला जातो. शतावर हा वाईनला अवघड जाणारा पदार्थ आहे, त्याच्या कडसर हिरव्या चवीपुढे अनेक वाईन धातूसारख्या लागतात. सोआवेचा स्वतःचा शेवट कडसर असल्याने ती येथे निभावून नेते.

मासळीत 'सार्दे इन साओर' हा व्हेनिसच्या खलाशांचा पदार्थ. तारलीसारखे मासे तळून कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे यांत मुरवतात. दूरच्या प्रवासात मासे टिकावेत म्हणून निघालेली ही युक्ती होती. त्यातील आंबटगोडाला टेकडीवरची कसदार सोआवे लागते. व्हिचेन्झा शहराचा 'बाक्काला' हा दुसरा पदार्थ नॉर्वेच्या वाळवलेल्या कॉड माशाचा. १४३२ मध्ये लोफोतेन बेटांवर जहाज फुटून अडकलेला व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी हा मासा मायदेशी घेऊन आला, असे सांगतात. कांदा, दूध आणि तेलात तासन्‌तास शिजवलेला हा मासा मक्याच्या घट्ट पोलेन्ताबरोबर वाढतात. त्याच्या स्निग्धपणाला मुरलेली सोआवे साजेशी ठरते. गार्दा सरोवरातील गोड्या पाण्याचे मासे, कोंबडीचे साधे पदार्थ आणि लेस्सिनीच्या कुरणांवरील 'मोन्ते व्हेरोनेझे' चीज हेही तिचे जुने सोबती.

मराठी घरात ही बाटली उघडली गेली तर काय करावे? तत्त्व सोपे आहे. तिखट आणि मसाला जितका कमी, तितकी सोआवे बोलकी. रवा लावून तळलेले पापलेट, सौम्य नारळाच्या रसातील कोळंबी, मटारभात हे पदार्थ तिच्याशी जुळतात. वालाच्या बिरड्याची कडसर चव आणि वाईनचा बदामी शेवट यांचेही सूत जमते. झणझणीत रश्शाबरोबर मात्र ती देऊ नये. मिरचीचा जाळ मद्यार्काने अधिकच भडकतो आणि एवढ्या नाजूक वाईनचे काहीच हाती लागत नाही. लाल मांसाच्या भारी पदार्थांसमोरही ती फिकी पडते.

बाटली निवडताना

- प्रथम 'क्लासिको' हा शब्द पाहावा. मूळ टेकड्यांची ती खात्री आहे, दर्जाची मात्र संपूर्ण हमी नव्हे.
- उत्पादकाचे नाव दर्जाच्या शिक्क्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे समजावे. मळ्याचे किंवा टेकडीचे नाव असल्यास ती वाईन बहुधा निगुतीने केलेली असते.
- साध्या सोआवेचे द्राक्षवर्ष ताजे असावे. उष्ण हवेत, दुकानाच्या फळीवर वर्षानुवर्षे उभी राहिलेली साधी बाटली घेऊ नये.
- मळ्याचे नाव असलेली चांगली वाईन दोन-चार वर्षे जुनी मिळाली तर ती अधिक खुललेली असण्याचा संभव असतो.
- 'रेचोतो' लिहिलेली बाटली गोड असते, ती जेवणाच्या शेवटी द्यावी.
- पेला फार रुंद नको. वाईन ओतल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे गंध मोकळा होतो.

सोआवेची एक सोय अशी की, पूर्वीच्या बदनामीमुळे तिची किंमत तिच्या गुणांच्या मानाने आजही आटोक्यात आहे. फ्रान्समधील नामांकित मळ्यांच्या व्हाईट वाईनला जो भाव पडतो, त्याच्या कितीतरी खाली येथील उत्तम मळ्याची वाईन मिळते. ग्राहकाच्या दृष्टीने हा लाभच आहे. उतारावर मांडव बांधून कमी पीक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र नावाची पूर्ण भरपाई अद्याप व्हायची आहे. ती होणे आता पेला हाती घेणाऱ्या चोखंदळ रसिकांवर अवलंबून आहे.